उजवीकडे शेपूट

आमच्या गल्लीतल्या काजकाकूंनी बासष्टाव्या वर्षी टॅटू काढायचं ठरवलं, ही बातमी त्यांच्या नणंदेकडून फुटली. नणंदबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही. आमच्याही भिजत नाही म्हणा, म्हणून तर लिहायला बसलो.

काकू म्हणजे टेलर मास्तरांची बायको. मास्तर कापायचे, शिवायचे. काज, बटणं, तुरपाई काकूंची. चाळीस वर्षं दोघं दुकानात समोरासमोर बसली आणि कामाचं जेमतेम बोलली. गरजच नव्हती. मास्तर कापडाच्या उलट बाजूला खडूने रेघ मारून कपडा पुढे सरकवत. रेघेला डावीकडे शेपूट असेल तर 'शिव पुढे'. उजवीकडे असेल तर 'थांब, मला बघू दे'. ही भाषा जगात दोनच माणसांना येत होती.

चार महिन्यांपूर्वी मास्तर दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. काकू रडल्या नाहीत. गल्लीने आठ दिवस वाट पाहिली, मग कंटाळून आपापल्या कामाला लागली. काकूही लागल्या. एकदा सुई बोटात रुतली ती त्यांना अस्तरावर लाल ठिपका दिसल्यावर कळली. थुंकी लावून त्यांनी ठिपका काढला आणि काज पुरं केलं. चहा समोर ठेवला की पीत. गरम आहे की गार, विचारलं तर सांगता यायचं नाही.

मागे राहिला होता बँकवाल्या साहेबांचा कोट. डाव्या बाहीच्या टोकाला, आतून, खडूची रेघ. शेपूट उजवीकडे. थांब, बघू दे. काकू थांबल्या होत्या. कोट चार महिने हँगरला. साहेबांचा आता तिसरा निरोप आला, शनिवारी कोट हवाच. बाही दुमडायची तर इस्त्री फिरवायला हवी, आणि इस्त्री फिरली की खडू गेला. मास्तरांचे फोटो होते, सह्या होत्या. पण बायकोसाठी काढलेली शेपूट ही एवढीच उरली होती.

गुरुवारी काकू समोरच्या टॅटूच्या दुकानाची पायरी चढल्या. तिथली हिरव्या केसांची मुलगी आधी समजली, काकू पत्ता विचारायला आल्यात.

“कोणाला काढायचाय, काकू?”

“मला. शनिवारच्या आत.”

मुलीने हात बघितला, सूचना सांगितल्या. “उद्या दुपारी या. पोटभर जेवून. आज नीट झोपा. आणि आज-उद्या दारू नाही घ्यायची हं.”

“बरं. सोडते दोन दिवस,” काकू म्हणाल्या. उभ्या जन्मात थेंब नाही घेतलेला या बाईने, पण चेहरा असा की मुलीने मान डोलावली.

“सुन्न करायचं मलम लावू का? अर्धा-पाऊण तास आधी लावावं लागतं.”

“नको. अंगाला तसंही काही कळत नाही. मलम फुकट जाईल.”

घरी नणंदबाई कंबर कसून तयार. “वहिनी, या वयात अंगावर चित्रं?”

“चित्र नाही, वन्सं. रेघ.”

“मग पेनाने काढा की! देऊ माझं?”

“आंघोळीत जाते.”

वन्सं खो खो हसल्या. काकूंनी विनोद केलाच नव्हता.

शुक्रवारी सकाळी काकूंनी बाहीवर पातळ कागद धरून रेघ उतरवली. आणि इथे चाळीस वर्षांचा हात आडवा आला. टेलरच्या दुकानात खूण नेहमी उलट बाजूला. सवयीने काकूंनी कागद पालटला, मागच्या बाजूने रेघ पुन्हा ठळक गिरवली आणि तीच बाजू वर ठेवून घडी घातली. मग सांगितल्याबरहुकूम पोटभर जेवल्या. काय जेवल्या हे वन्संनी दोनदा विचारलं, काकूंना आठवेना.

मुलीने कागद समोर आला तसा छापून घेतला, काकूंच्या हातावर दाबला, अलगद उचलला. जांभळी रेघ उमटली. शेपूट डावीकडे.

काकूंनी ती वाचली. शिव पुढे.

“छान बसलंय ना?” मुलीने विचारलं. काकूंनी काय झालं ते सांगितलं, दोन्ही शेपट्यांचे अर्थही सांगितले. मुलीचे डोळेच भरून आले. “अहो काकू, मग हेच राहू द्या ना! किती छान अर्थ आहे!”

“छान आहे गं. पण ते म्हणाले नाहीत तसं. त्यांच्या तोंडी मी कशाला घालू? पूस.”

मुलीने पुसलं. कागद पालटून पुन्हा छापून घेतला. शेपूट उजवीकडे आली. सुई घरघरू लागली.

“दुखतंय?”

“नाही.”

पाच मिनिटांचं काम. काकू भिंतीवरच्या चित्रांतले वाघ मोजत होत्या. सात निघाले.

परत येऊन त्यांनी इस्त्री तापवली. बाहीवरची रेघ एकदा हातावरच्या रेघेशी ताडून पाहिली, टेलरच्या नजरेने, दोराभरही फरक नको. मग इस्त्री फिरवली. खडू गेला. तुरपाई घातली.

शनिवारी साहेबांनी कोट चढवला. बाही मनगटावर नेमकी बसली. पण साहेबांनी चार महिन्यांत पोट असं कमावलं होतं की बटण काजापर्यंत पोचेना.

“मास्तरांचं माप चुकलं वाटतं,” साहेब श्वास रोखून म्हणाले.

“मास्तरांचं नाही चुकलं,” काकू म्हणाल्या. “सोडा श्वास. बटण सरकवते.”

गुडघ्यावर बसून त्या बटण उसवायला लागल्या. मशीनच्या कडेला रेघेचा हात घासला.

“आई गं,” काकू म्हणाल्या.

साहेब दचकले. “काय झालं?”

“काही नाही. दुखलं.” एवढं म्हणून त्यांनी दोरा दाताने तोडला.