आहे आणि होऊन राहिली

लातूरच्या आमच्या क्लासमध्ये दर शनिवारी एक सर मन ताब्यात कसं ठेवायचं ते शिकवायला यायचे. "मी होईन असं कधी म्हणू नका," ते सांगायचे. "मी आहे, असं म्हणा. मनाला उद्याचं कळत नाही. मनात जे पक्कं बसेल तेच बाहेर घडेल." आम्ही खेड्यापाड्यांतून आलेली पोरं. कुणी काही शिकवलं की खाली मान घालून लिहून घ्यायचं, एवढंच आम्हाला माहीत. मी खोलीवर आले, जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेननं मोठ्या अक्षरांत 'मी नायब तहसीलदार आहे' असं लिहिलं आणि तो कागद टेबलासमोरच्या भिंतीला चिकटवला. माझी तेव्हा पूर्वपरीक्षाही व्हायची होती.

बाबा आमच्या गावी, लातूरजवळच्या मुरुडला एका आडत दुकानावर हमाली करायचे. शाळा चौथीपर्यंत झालेली, पण समोर दिसेल ते ओठ हलवत वाचायची त्यांना सवय होती. दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, काहीही. त्या महिन्यात ते ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आले, तेव्हा मी खाली पाणी भरायला गेले होते. वर आले तर ते भिंतीसमोर उभे. ओठ हलत होते. मला बघून त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"लई दमलीस माय. आता जरा निजत जा," म्हणाले आणि चहासुद्धा न घेता निघाले. मला वाटलं, माझी उतरलेली तब्येत बघून म्हणाले असतील.

पुढच्याच आठवड्यात एका मैत्रिणीनं मोबाईलवर फोटो पाठवला. मुरुडच्या चौकात फ्लेक्स लागला होता. पदवीच्या दिवशी भाड्यानं घेतलेल्या काळ्या झग्यातला माझा फोटो, आणि खाली, 'नायब तहसीलदारपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' शुभेच्छुक म्हणून बाबांच्या मालकांचं नाव. त्यांना सगळे आप्पा म्हणायचे.

मिळेल ती गाडी धरून मी मुरुडला गेले. आडतीवर ट्रकमधून पोती उतरत होती. मला बघून आप्पा गादीवरून उठलेच.

"या या मॅडम! आरं, खुर्ची आणा रे!"

"आप्पा, माझी अजून परीक्षाच झाली नाही."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग पोत्याखाली वाकलेल्या बाबांकडे. "आरं, मग मी काय पुढच्या सालाचं अभिनंदन छापलं का?"

हमाल हसले. एक जण म्हणाला, "तहसीलदारीणबाई, तेवढं आमचं रेशनकार्ड बघा." पुन्हा सगळे हसले.

बाबांनी पोतं खाली ठेवलं. "भिंतीवर लिव्हलेलं हाय आप्पा. माझ्या लेकीच्या अक्षरात. मी सोता वाचलं. ती खोटं लिव्हत न्हाई."

सरांचं ते मनाचं शास्त्र मला तिथं कुणालाच समजावून सांगता येईना. मी बस धरून परत जाणार होते. बाबांना उद्या याच माणसांत यायचं होतं, परवाही.

"मग हाय का न्हाई, ते सांग की एकदाचं," आप्पा म्हणाले.

बाबांनी पोतं परत पाठीवर घेतलं. "होऊन राहिली," म्हणाले.

"बरं. होऊन झाली की सांग."

आजी वऱ्हाडातली, म्हणून आमच्या घरात पाहुणा येतोय म्हणायचं तर 'येऊन राहिला', पोरगं जेवतंय तर 'जेवून राहिलं', तसंच हे. त्यात नवल काही नव्हतं. आप्पांनी संध्याकाळी फ्लेक्स उतरवून बाबांच्या हातात दिला, पत्र्यावर टाकायला होईल म्हणून.

पूर्वपरीक्षेत मी नापास झाले. प्रश्न वाचायला घेतला की चौक दिसायचा, ती खुर्ची दिसायची. पुढच्या वेळीही तेच. बाबांना वस्तीत, आडतीवर, केस कापायला गेले तरी कुणी ना कुणी विचारायचं, "काय, झाली का तहसीलदार?" आणि ते न चिडता म्हणायचे, "होऊन राहिली." त्यांच्यासाठी तरी हे एकदा खरं व्हावं, एवढंच मला उरलं होतं.

भिंतीवरचा कागद मी काढला. दुसरा लावला, त्यावर 'अभ्यास करून राहिले' एवढंच लिहिलं. लहानपणी पौर्णिमेला विहारात डोळे मिटून बसवायचे. विचार आला तर येऊ द्या, त्याच्यामागं जाऊ नका, असं सांगायचे. तेव्हा मी एक डोळा उघडून खिरीच्या पातेल्याकडे बघायचे. आता खोलीत तेच करू लागले. चौक आला की येऊ द्यायचा आणि पुस्तकातली पुढची ओळ वाचायची. पुन्हा आला, पुन्हा ओळ. यात आनंद असा काही नसतो. दिवसभर शेतातून गुरं हाकलावीत तसा संध्याकाळी जीव शिणून जायचा. पण ओळी मात्र वाचून व्हायच्या. विचारांनी परिस्थिती बदलते का, असं मला क्लासमधल्या मुली आजही विचारतात. माझी बदलली. माझ्याच खोलीतली दुसरी मुलगी माझ्याहून शांत मनानं अभ्यास करायची, तिची नाही बदलली. म्हणून मी छातीठोकपणे काही सांगत नाही.

शेवटी तलाठ्याच्या परीक्षेत नाव लागलं. नेमणूक नांदेड जिल्ह्यात, माहूरकडच्या एका गावात. आदेश घेऊन घरी गेले तेव्हा बाबा अंगणात बसले होते. पाठीमुळे हमाली सुटली होती. समोर फ्लेक्स उलटा अंथरून त्यावर तुरी वाळत घातल्या होत्या. त्यांनी कागद हातात घेतला, ओठ हलवत बराच वेळ वाचला आणि मला परत दिला.

"सरकारी लिव्हणं कळंना मला. तूच सांग. हाय का होऊन राहिली?"

"तहसीलदार नाही बाबा. तलाठी."

"ते न्हाई इचारलं. हाय का?"

तो शब्द मी किती दिवसांत उच्चारला नव्हता. भिंतीवरही नाही, मनातही नाही.

"आहे," मी म्हणाले.

बाबा हातावर जोर देत उठले. चपला शोधल्या.

"आडतीवर जाऊन येतो," म्हणाले. "आप्पांनी सांग म्हणलं व्हतं."

"मी येते सोबत."

"तू कशाला? तू नीज जरा."

ते एक हात कमरेवर ठेवून हळूहळू वस्तीच्या बाहेर गेले. मी तुरी थोड्या बाजूला सारल्या आणि तिथंच फ्लेक्सच्या कडेला आडवी झाले.