संतोषभाऊंचे शनिवार

संतोषभाऊ गेले त्या शनिवारी ते ऑफिसात नव्हते. त्याला कारण मी.

आज वर्ष झालं. कुणाजवळ बोलले नाही, म्हणून इथं लिहितेय.

खामगावात आमचं छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस. मालक भाऊ, मुख्य प्रोग्रामर भाऊ, चहा सांगायला खाली जाणारेही भाऊच.
मी वडनेर भोलजीची. पुण्यातली नोकरी सोडून घरी परत आलेली.

पहिल्याच दिवशी म्हणाले, "पुण्यात हसत असतील ना तुह्या बोलण्याले? अथी बिनधास्त बोल."

गिऱ्हाइकं म्हणजे कापसाच्या जिनिंग, दवाखाने, शाळा. प्रत्येकाचं सॉफ्टवेअर वेगळं, प्रत्येकाच्या कोडची रिपॉझिटरी, म्हणजे कोड ठेवायची जागा, वेगळी. सगळ्या मागच्या खोलीतल्या आमच्या स्वतःच्या सर्व्हरवर.
भाऊ म्हणायचे, "लोकायनं भरोशानं देलं. दुसऱ्याच्या घरी कायले ठेवू?"

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कुठलंच सॉफ्टवेअर आपण एकट्यानं लिहीत नाही. दुसऱ्यांनी लिहिलेल्या कितीतरी लायब्ररी त्यात वापरलेल्या असतात. त्यांच्यात दोष सापडतो, नवी व्हर्जन येते, ती आपल्याकडं घ्यावी लागते.
नाही घेतली तर चोराला दार उघडं. घाईनं घेतली तर आपलंच काहीतरी मोडतं.

भाऊ हे सगळं हातानं करायचे. दर शनिवारी.
सकाळी डबा घेऊन यायचे आणि एकेक रिपॉझिटरी उघडून बसायचे. घरी जाईस्तोवर पोरगी झोपलेली.

मी म्हटलं, "भाऊ, हे बॉटवर टाकू. तोच नवी व्हर्जन शोधील, तोच लावून पाहील."
"नाई."
"काऊन पण?"

मग भाऊंनी सांगितलं. फार आधी एका दवाखान्याचं अपडेट आपोआप झालं होतं आणि रिपोर्टवरच्या तारखा उलट्यापालट्या झाल्या. दिवस महिन्याच्या जागी, महिना दिवसाच्या जागी. सकाळी काउंटरवर पेशंटची ही गर्दी. एक म्हातारी हातात जुनाच रिपोर्ट घेऊन नवा समजून बसलेली.

"तिले काई झालं नाई. पण झालं असतं तं? मशीन थोडी जाणार होती तिच्या घरी तोंड दाखवाले?"

 दुसऱ्या दिवसापासून त्यांना एकच विचारत गेले. भाऊ, इथं काय बिघडू शकतं? आणि इथं?
ते सांगत गेले, मी त्याच्या टेस्ट, म्हणजे तेच बिघडलंय का हे आपोआप तपासणारे छोटे प्रोग्राम, लिहीत गेले. त्या माणसाची एकेक भीती मी कोडमध्ये उतरवली.
अख्खा पावसाळा त्यात गेला.

ठरलं असं. लहान अपडेट सगळ्या टेस्टमधून पार झालं तर बॉट स्वतः घेईल. मोठं असलं, किंवा एक जरी टेस्ट फसली, तर तिथंच थांबेल आणि आपल्याला विचारील.

दिवाळीनंतर एकदा स्क्रीनवर लाल खूण आली. तारखांची लायब्ररी. बॉटनं तिला दारातच अडवलं होतं.
भाऊ किती वेळ पाहत राहिले. मग एकदम हसले.

"अडवलं वो यानं! रूपाली, अडवलं!"

त्या आठवड्यात मी म्हटलं, "भाऊ, शनिवारी येऊ नका आता. मी पाहते."
"खरंच नको येऊ?"
"खरंच. सोनाळ्याले जा. आईपाशी जा."

आणि ते जायला लागले. सोनाळ्याला त्यांचं संत्र्याचं वावर, तिथं आई. दर शनिवारी वहिनींना आणि लेकीला, श्रावणीला, घेऊन जायचे. तो हिवाळाभर.

हिवाळा संपता संपता, तसाच एक शनिवार. जेवण झालं, वावरातल्या बाजेवर आडवे झाले आणि म्हणाले, छातीवर कोणी बसल्यावानी वाटते.
मोठा दवाखाना लांब. गाडी मिळाली, पण रस्त्यातच गेले.

खामगावला ऑफिसच्या समोरच्या गल्लीत दवाखाना आहे. मी रोज त्याच्यासमोरून जाते.

भाऊ ऑफिसात असते तर?

वर्षभर हाच एक प्रश्न. वहिनींचा फोन आला की मी उचलत नव्हते.
सर्व्हर चालू आहे. अपडेट येतात, टेस्ट होतात, कुणाचं काही अडत नाही. अडत नाही याचंच रडू येतं.

आज वर्षश्राद्धाला सोनाळ्याला गेले. पंगत उठल्यावर वंदनावहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या.

"काऊन वो, फोन काऊन नाई उचलत?"

मी सगळं बोलून टाकलं. शनिवार मीच सोडवला, मीच त्यांना इकडं पाठवलं, ते तिथं असते तर...

वहिनींनी मला पूर्ण बोलू दिलं. मग डोळे पुसले. माझे, स्वतःचे नाही.

"लग्न झालं तेव्हापासून शनिवार त्या सर्व्हरचा होता, रूपाली. हे श्रावणीची वेणी घालाले शिकले ना, ते त्या हिवाळ्यात. वाकडीच घालत. पोरगी तशीच गावभर फिरे, सोडू देये नाई. मायच्या बाजूले बसून तिचं तेच ते बोलणं तासन् तास आयकत. माह्याशी भांडाले बी याईले तेव्हाच टाइम भेटला."

थोडं हसल्या. 

"तथी खामगावात रायले असते तं वाचले असते का, मले नाई माहीत. तुले बी नाई माहीत. पण तू नसती तं मले माहा नवरा इतका बी भेटला नसता."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवून रडले. आत भाऊंच्या आई कुणाला तरी विचारत होत्या, ऑफिसातली पोरगी जेवली का.

माझ्या मनातला प्रश्न मिटलाय असं नाही. बहुतेक मिटणारही नाही.
पण निघताना त्यांच्या फोटोसमोर उभी राहिले. वर्षात पहिल्यांदा मान वर करून पाहिलं.

भाऊ, तुमची फार आठवण येते.
भरल्या मनानं नमस्कार.