डावीकडून उतरा

भाड्याचे अँकर पाहुण्यांना नाचवतात, म्हणून मुलीच्या रिसेप्शनला मी आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीचे माजी सेक्रेटरी निवडले. मुलगी वैतागली, "बाबा, ते टाकी धुवायची सूचना दिल्यासारखं बोलतात." खरं होतं. प्रत्येक गोष्ट ते दोनदा सांगतात, दुसऱ्यांदा जरा चिडून.

रिसेप्शनलाही स्टेजखाली माइक घेऊन तेच. "फोटो झाला की डावीकडून उतरा. अहो, डावीकडून. जेवण तिकडेच आहे." रांग भराभर सरकली.

शेवटी म्हणाले, "आता सोसायटीचे माजी सेक्रेटरी सपत्नीक येत आहेत. त्यांनी जास्त वेळ घेऊ नये. अजिबात घेऊ नये." माइक ठेवून बायकोसह स्टेजवर चढले.

अल्बममध्ये नवरा-नवरीशेजारी वहिनी एकट्याच हसताहेत. सेक्रेटरी तोवर डावीकडून उतरले होते.