मामांचं केळं आणि वरचा बर्फ

माझ्या बायकोच्या मामांनी आजवर कुठल्याही गोष्टीवर पहिल्या झटक्यात विश्वास ठेवलेला नाही. उगवत्या सूर्यावरसुद्धा नाही. पिंप्राळ्यातल्या घराच्या गच्चीवरून तो नेहमीच्या पाण्याच्या टाकीमागूनच वर आला, याची खात्री पटल्यावरच ते चहाला हात लावतात. लग्नपत्रिका आली की आधी कार्यालयात फोन करून त्या दिवशी खरोखर लग्न आहे का, ते विचारून घेतात. धरणगावला जायचं तर एसटीची पाटी वाचतात, मग कंडक्टर आणि ड्रायव्हर यांना वेगवेगळं गाठतात आणि दोघांचे जबाब जुळले तरच पायरीवर पाय ठेवतात. भरताची वांगी आजचीच आहेत, असं भाजीवाली आपण होऊन म्हणाली, तर पिशवीची घडी घालून चालू लागतात. न विचारता सांगितलं, म्हणजे वांगी कालची.

हा संशय धंद्याने लावला, असं ते म्हणतात. जन्मभर त्यांनी इथली, जळगावची केळी ट्रकमध्ये भरून उत्तरेकडच्या बाजारांत पाठवली. ड्रायव्हर फोनवर सांगायचा की घाटात बर्फ पडलाय, गाडी अडकलीय. आणि मागून कढईत तळल्या जाणाऱ्या भज्यांचा आवाज यायचा. केळं मात्र खोटं बोलत नाही, असं मामांचं ठाम मत. कडाक्याचा गारठा लागला की ते काळं पडतं, मग ड्रायव्हर काहीही सांगो. असं करत करत हिमालयाकडचे सगळे रस्ते त्यांना तोंडपाठ झाले, पण स्वतः ते भुसावळच्या पुढे कधी गेले नाहीत. एकाही रस्त्याची त्यांना पुरती खात्री पटली नाही.

मागच्या चैत्रात मी एक बर्फाचं शिखर चढायचं ठरवलं, तेव्हा बायकोने एकच अट घातली : मामा हो म्हणाले तर जा. पन्नाशीनंतर सुचलेली हौस होती. त्या वर्षी हुकली असती तर पुन्हा धीर झाला नसता. बाहेर जळगावचं ऊन डांबर वितळवत होतं आणि मामा कूलरसमोर बसून बर्फाची चौकशी करत होते. तिथल्या वाटाड्याचा निरोप होता : रस्ता मोकळा, बर्फ घट्ट, या. त्यातल्या 'या'वर मामांचा विशेष संशय. त्याने फोटो पाठवला, तर म्हणाले मागच्या वर्षीचा असेल. वसंतात बर्फ दिवसा पाघळतो आणि रात्री गोठतो. रात्री गोठला नाही तर चढताना पाय मांडीपर्यंत खचतो, एवढं वाटाड्या बोलता बोलता बोलून गेला. मामांनी तेवढंच धरलं आणि अट घातली. वाटाड्याने रोज वरच्या तळावर एक केळं रात्रभर उघड्यावर ठेवायचं आणि संध्याकाळी व सकाळी त्याचा फोटो पाठवायचा. काळं पडलं तर मी जायचं, पिवळं राहिलं तर घरी बसायचं.

दुसऱ्याच सकाळी फोटो आला. केळं काळंभोर. मी बॅग भरायला उठलो, तोवर मामांनी चष्मा पुसून फोटो मोठा केला होता. हे संध्याकाळचं केळं नव्हे, म्हणाले, देठ वेगळा आहे. फोनवर वाटाड्याने जरा वेळ आढेवेढे घेतले आणि मग कबूल केलं की ते केळं त्याने खाल्लं आणि दुकानातलं अतिपिकलेलं पुढे केलं. मामांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान पसरलं, ते मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. पुढे कित्येक दिवस केळं पिवळंच येत राहिलं. माझं आरक्षण रद्द झालं, मी मामांशी बोलणंही टाकलं. मग एका सकाळी देठ तोच आणि अंग काळं, असं केळं आलं.

भुसावळच्या फलाटावर ते पोचवायला आले. मी दुपारच्या आत, असेन तिथून मागे फिरायचं, असं त्यांनी वदवून घेतलं. म्हणाले, "जावईबुवा, जावाना रस्ता बठ्ठाच इचारतस. येवाना कोन इचारस?"

वर शिखर समोर दिसत होतं आणि ऊन चढत होतं. मला मामांचा भयंकर राग आला, आणि मी मागे फिरलो. उतरताना बर्फ पायाखाली भुसभुशीत व्हायला लागला होता.

परत आल्यावर त्यांनी आधी माझे बूट दाबून ओल पाहिली. शिखर राहिलं, असं मी सांगितलं. एरवी उलटतपासणी घेणाऱ्या या माणसाने त्यावर एकही प्रश्न विचारला नाही. फक्त हळूच म्हणाले, "हातले कसा लागस तो बरफ?" मला काही नीट सांगता आलं नाही, आणि त्याचं फार वाईट वाटलं.

यंदा म्हटलं, मामा, चला. गाडी थेट बर्फापर्यंत जाते. सबंध फाल्गुन त्यांनी चौकशीत घालवला. परवा स्वतःच घरी आले, खुर्चीचा हात धरून सावकाश बसले आणि म्हणाले, "रस्ता मोकळा शे. मना पायना भरोसा नही."

दोघांची तिकिटं मी काढून ठेवली आहेत. मामांना अजून सांगितलेलं नाही. न विचारता सांगितलं की त्यांना संशय येतो.