गायरानाची मोजणी आणि अमेरिकेचे अध्यक्ष

पंचायतीत निवडून आलेल्या बायकांच्या प्रशिक्षणात गेल्या वर्षी मला एक तास मिळाला. विषय होता ‘नेतृत्व : जगातली उदाहरणं’. विषय वरून ठरून आलेला. मला बोलावण्याचं कारण एवढंच, की मी सगळी नोकरी राज्यशास्त्र शिकवण्यात घालवली आणि त्यात अमेरिकेची राज्यघटना माझ्या गळ्यात पडली ती कायमचीच. अमेरिकेत मी कधी गेले नाही. तिथल्या अध्यक्षांबद्दल मात्र अशी बोलते, की ऐकणाऱ्याला वाटावं, ते चिकलठाण्याला आमच्याच सोसायटीत वरच्या मजल्यावर राहत होते.

हॉलमध्ये पैठण तालुक्यातल्या बऱ्याच सरपंच आणि सदस्य होत्या. त्यांचे नवरे बाहेर टपरीवर चहा पीत बसलेले. मी माझी आवडती गोष्ट काढली, पहिल्या अध्यक्षाची. दोनदाच खुर्चीवर बसायचं असा तेव्हा त्यांच्याकडं कायदा नव्हता. लोक त्याला मरेपर्यंत बसू द्यायला तयार होते. तरी हा माणूस दोन खेपा झाल्यावर आपणहून उठला आणि आपल्या शेतीवाडीवर निघून गेला. लढाई जिंकणारे पुष्कळ असतात, खुर्ची सोडणारा विरळा, असं मी म्हटलं. हे वाक्य मी बी.ए.च्या मुलांनाही सांगत आले आणि ती मुलं त्यावर छान झोपत. या बायका झोपल्या नाहीत.

दुसऱ्या रांगेतली एक बाई उठून उभी राहिली. डोक्यावरून पदर, वय पंचेचाळीसच्या पुढचं, आवाज खणखणीत.

“म्याडम, त्या अध्यक्षाला कुनी सोडायला लावलं नव्हतं ना?”

“नाही. स्वतःहून सोडलं.”

“सोडायचं ह्ये आधी ठरलेलं बी नव्हतं?”

“नाही.”

“मंग त्याचं बरं व्हतं,” ती म्हणाली आणि खाली बसली. हॉलमध्ये हशा पिकला. मीही हसले, पण कशाला हसले ते मला कळलं नव्हतं.

चहाच्या वेळी ती माझ्याकडं आली. सोबत तिशीतली एक मुलगी होती, तिच्याच गावची पंचायत सदस्य. दोघींनी एकाच डब्यातलं खाल्लं होतं, हे मी आधी पाहिलं होतं. मोठी होती सरपंच. पाचोडच्या पलीकडं त्यांचं गाव, मोठी तिथल्या धनगरवस्तीतली आणि धाकटी गावातल्या जमीनजुमलेवाल्या घरातली सून. खुर्ची बाईसाठी राखीव सुटली, वस्ती आणि गाव अशा दोन्ही गटांकडं सदस्य सारखेच, आणि सरपंच सदस्यांनीच आपल्यातून निवडायचा होता. भांडण नको म्हणून जाणत्यांनी नेहमीची तोड काढली. अडीच वर्षं वस्तीची बाई, अडीच वर्षं गावातली. आणि खंडोबासमोर दोघींना बेलभंडारा उचलायला लावला.

बेलभंडारा म्हणजे हातावर बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा घेऊन देवासमोर दिलेला शब्द. कागदावरची सही नाकारता येते, तिच्यावरून कोर्टात पिढ्यान्‌पिढ्या भांडता येतं. भंडारा उचलल्यावर आमच्याकडं माणूस सहसा मागं फिरत नाही. मोठीनं शब्द दिला होता की अडीच वर्षांनी राजीनामा देईन. ती अडीच वर्षं आता भरत आली होती.

“तं म्हनलं, म्याडमला इचारावं,” ती म्हणाली. “सोडू का नगं?”

मी विचारलं, अडचण काय आहे? अडचण गायरानाची होती. वस्तीची मेंढरं ज्या गायरानावर चरत, त्याचा बराच भाग दरसाल थोडा थोडा नांगराखाली जाऊन लोकांच्या शेतात मिसळला होता. सरपंच झाल्यावर हिनं ठराव केला, मोजणीचा अर्ज दिला, त्यासाठी तालुक्याला चपला झिजवल्या. मोजणीची तारीख तेवढी लागायची होती. आणि ज्यांची शेतं फुगली होती त्यांत धाकटीचे सासरेही होते. हे सगळं धाकटीच्या तोंडावर सांगितलं गेलं आणि तिनं मान डोलावली.

“मी बी मोजनी करीन म्हनते,” धाकटी म्हणाली. “पन घरात माझं चालंल का, खरं सांगू, मला म्हाईत नाय. आन्‌ आक्का, माझी बी अडीच वर्सं वाट पाहून झालीय. मला बी काम करून पहायचंय.”

“व्हय, ते बी खरंच हाये,” मोठी म्हणाली.

मला राग आला. कुणाचा आला ते सांगता येणार नाही, दोघींपैकी कुणाचाच नाही. दोघींपैकी एक जरी लबाड असती तर माझं काम सोपं झालं असतं. मी मास्तरकीचा आवाज लावला. कायद्यानं मुदत पाच वर्षांची आहे, भंडारा कायद्यात बसत नाही, लोकांचं काम अर्धवट टाकून उठणं ही सेवा नव्हे. राजीनामा देऊ नका.

“मंग तुमचा तो अध्यक्ष?”

आता आली का पंचाईत. मग मी दुसरा अध्यक्ष काढला. देशात मंदी आली, पाठोपाठ महायुद्ध, आणि हा गृहस्थ पहिल्याचा पायंडा मोडून चार वेळा निवडून आला. लोकांनीच आणला.

“तो बरा का वाईट?”

“चांगलाच. पण त्याच्यानंतर त्यांनी घटनेतच लिहून टाकलं, की यापुढं दोनदाच.”

“बरा व्हता तं मंग कामून लिवलं?”

याचं उत्तर माझ्याकडं आहे. परीक्षेत दहा गुणांना विचारतात आणि मी ते वर्षानुवर्षं तपासलं आहे. पण त्या खिडकीपाशी, हातात चहाचा कागदी कप घेऊन, मला ते देता येईना. मी म्हटलं, विचार करून सांगते. दोघींनी माझा नंबर घेतला, आणि बाहेर मोठीच्या नवऱ्यानं मोटारसायकल चालू केली.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “उंटावरून शेळ्या हाकायची तुझी सवय, आता थेट अमेरिकेतून मेंढरं हाकायला लागलीस.” मी त्याला म्हटलं, तू गप्प बस आणि भाजी निवड. पण ते मला लागलं. मी जुनी पुस्तकं काढून बसले आणि जास्तच घोटाळ्यात पडले.

पहिला अध्यक्ष शेतीवाडीवर परत गेला हे खरं. पण ती शेतीवाडी केवढी, आणि तिच्यात राबणारे गुलाम किती! खुर्ची सोडून तो भरल्या घरी गेला. ही बाई खुर्ची सोडून कुठं जाणार? चराई नसलेल्या मेंढरांकडं. मग त्याचा त्याग हिच्या मापाचा कसा? दुसरीकडून पाहावं, तर आपलं काम महत्त्वाचं, आपल्यावाचून अडेल, असं तर खुर्ची न सोडणारा प्रत्येकच जण म्हणतो. आपल्याकडं असं म्हणत म्हातारे झालेले पुढारी काय कमी पाहिले मी? सोड म्हणावं तरी चूक, बस म्हणावं तरी चूक. इकडं आड, तिकडं विहीर, आणि मधे मी पुस्तक घेऊन.

मग मला यादवीतला अध्यक्ष आठवला. राज्यं फुटून निघाली तेव्हा तो आपल्या शपथेवर बोट ठेवून उभा राहिला होता, की देश राखायची शपथ मी घेतली आहे, ती मला मोडता येत नाही. मला वाटलं, सापडलं! मी सरपंचबाईला फोन लावला. म्हटलं, पदाची शपथ मोठी की बाहेरची? पदाची मोठी. तुम्ही पद घेताना जी शपथ घेतली, ती आधी पाळायची.

पलीकडं मेंढरांचा आवाज येत होता. ती म्हणाली, “म्याडम, पद घेताना आमाला कुनी शपथ दिलीच नाय. हार घातले, फोटू काढला. शपथ घेतली ती येकच, भंडाऱ्याची. आन्‌ ती तं सोडायचीच हाये.”

बरं, म्हटलं आणि फोन ठेवला. त्या दिवशी मला स्वतःच्या शिक्षणाची खरोखर चीड आली.

महिन्याभरानं फोन आला, राजीनामा दिला म्हणून. मी भडकलेच. म्हटलं, तुम्हाला त्या जाणत्यांनी फसवलं. पहिली पाळी वस्तीला कशासाठी दिली असेल, कळत नाही का? काम अंगावर घेणारीच्या हातून ते मधेच काढून घेता यावं म्हणून.

“आसंल बी,” ती शांतपणे म्हणाली. “पन भंडारा मोडला आस्ता तं उद्या माझा शब्द कोन धरनार? गायरानाला वस्तीतली मानसं माझ्या शब्दावर उभी ऱ्हायलीत. कागूद कोन वाचतंय तितं?”

यात चूक काढायला जावं तर सापडत नव्हती, आणि बरोबर म्हणावं तर जीभ वळत नव्हती. माझ्या व्याख्यानानं तिनं सोडलं, की ती सोडणारच होती आणि मी उगीच मधे कडमडले? हे मी तिला विचारलं नाही. मला उत्तराची भीती वाटत होती.

नव्या सरपंचाच्या पहिल्या ग्रामसभेला दोघींनीही मला वेगवेगळे फोन करून बोलावलं. मी बसनं पाचोडला उतरले. बाजाराचा दिवस होता, मेथीच्या जुड्यांतून आणि बकऱ्यांच्या दाव्यांतून वाट काढत बाहेर आले, आणि तिथून धाकटीनं पाठवलेल्या रिक्षानं गावात गेले. शाळेच्या पत्र्याखाली सभा होती. समोर टेबल, टेबलामागं धाकटी, नव्या साडीत, घामेजलेली. तिच्या शेजारच्या खुर्चीत तिचे सासरे बसले होते. ते पंचायतीत कुणीच नव्हते. तरी खुर्ची त्यांच्यासाठी मांडलेली होती आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. मला आग्रहानं पहिल्या रांगेत बसवलं. मोठी मागं, बायकांत, सतरंजीवर बसली होती.

ग्रामसेवकानं विषय वाचले. नळ, रस्त्याचे दिवे, शाळेचं कुंपण. गायरानाचं नावही नाही. सभा आटपत आली तशी मोठी उठली. अडीच वर्षं टेबलामागं बसलेली बाई आता सतरंजीवरून बोलत होती.

“गायरानाची मोजनी कधी व्हनार?”

सासऱ्यांनी माइक स्वतःकडं ओढला. अगदी गोड बोलले. “व्हईल की. आपलंच गाव, आपलंच गायरान. घाई काय हाये? आधी नळाचं पाहू, मंग—”

“मामा,” धाकटी म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणते. आवाज इतका बारीक, की पहिल्या रांगेत बसूनही मला कान द्यावा लागला. “आक्कानं मला इचारलंय.”

सासरे तिच्याकडं पाहत राहिले. तिनं हात पुढं केला, माइक हिसकावला नाही, नुसता हात तसाच पुढं ठेवला. शेवटी त्यांनी माइक तिच्या हातात दिला.

“तारीख लागलीय का नाय ते मला आजून म्हाईत नाय,” ती माइकमध्ये म्हणाली. “तालुक्याला जाऊन इचारते आन्‌ सांगते. आक्का, तुमी संगं चला. कुठं जायाचं ते मला ठाव नाय.”

सासरे उठून निघून गेले. मागून कुणीतरी शिट्टी मारली. मोठी हो म्हणाली आणि खाली बसली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण हे जिंकणं होतं की एका पोरीच्या घरात आग लागणं होतं, तेच समजेना. तिला रात्री त्याच घरात जेवायला बसायचं होतं. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

सभा झाल्यावर मोठी मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. मी तिला सरळच विचारलं. म्हटलं, मला अजूनही कळत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तोच तास घ्यायचाय, पुन्हा बायका बसणार समोर. खुर्ची सोडलीत ते बरोबर केलंत की चूक?

तिनं पदर सारखा केला. उताराकडं पाहिलं. तिकडं कुणाच्यातरी तुरीच्या रांगा थेट ओढ्यापर्यंत गेल्या होत्या आणि मेंढरं बांधाच्या अरुंद पट्टीवर एकामागं एक चरत होती.

“मोजनी झाल्यावर इचारा,” ती म्हणाली.

मोजणी अजून झालेली नाही.