आईले सांगू नको

नणंद जपानला राहते. फोनवर ती तिथल्या आयांचे किस्से सांगायची. पोरगं तापानं फणफणलं तर आई स्वतः त्याच्या क्लासात जाऊन बसते म्हणे, नोट्स काढते. मी म्हणायची, "बाप्पा! पागल आहेत का ह्या बाया?" हे बोलताना मी पोरीच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसलेली असायची, ती मोबाइल हातात घेते की काय ते पाहायला.

पोरीची मेडिकलची परीक्षा महिन्यावर आली होती. त्यातच काटोलहून माझ्या बाबांना नागपूरच्या दवाखान्यात आणलं. किडन्या निकामी झाल्या होत्या. पोरीला मी एवढंच सांगितलं की आजोबांना अशक्तपणा आहे, सलाइन लावलंय. मी रोज ऑफिस सुटलं की जायची आणि ते रोज एकच विचारायचे, "नातीले काहून नाही आणत वं?"

"परीक्षा झाली की आणते, बाबा. तिचं ध्यान उडते."

मग एका रविवारी संध्याकाळी गेली, तर त्यांनी विचारलंच नाही. मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, समजलं एकदाचं म्हाताऱ्याला. खाटेशेजारी संत्र्याची सालं पडली होती. संत्रं तर त्यांना सक्त मना होतं. मी खेकसलीच, "कोणं दिलं हे?" ते खाली मान घालून म्हणाले, "बाजूच्या पेशंटनं." त्यालाही मी चार शब्द सुनावले. तो बिचारा बाबांकडे पाहू लागला.

घरी पोचते तर मोबाइलवर क्लासचा मेसेज : सकाळच्या टेस्टला गैरहजर. माझं डोकंच फिरलं. पोरगी म्हणाली, "पोट दुखत होतं, म्हणून बागेत बसून राहिली." मी तिच्या कानाखाली वाजवली. ती रडली नाही, पुस्तक घेऊन बसली. मला वाटलं, ताळ्यावर आली.

परीक्षेला चार दिवस होते तेव्हा बाबा गेले. नवरा म्हणाला, "सांगून टाक ना तिले." मी म्हटलं, "चूप! वर्षभराची मेहनत पाण्यात घालायची आहे का?" पोरीला ऑफिसचं ट्रेनिंग आहे म्हणून सांगितलं आणि आम्ही दोघं काटोलला जाऊन बाबांना पोचवून आलो. घरात शिरण्याआधी मी डोळे धुतले. दुसऱ्या दिवशी ती क्लासहून आली, जेवली, अभ्यासाला बसली. मी मनात म्हटलं, बरं झालं, हिला कशाचा पत्ता नाही.

परीक्षा झाली त्या दिवशी तिला जवळ बसवलं. हात धरला. "बेटा, आजोबा..."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कोणं सांगितलं?"

"सिस्टरनं. क्लास सुटल्यावर मी परत गेली होती ना, तर त्यांच्या बेडवर दुसरेच कोणी होते."

परत? मला काही सुधरेना. ती हळूहळू सांगत गेली. बाबांनी सिस्टरच्या मोबाइलवरून तिला फोन केला होता. त्या रविवारी ती टेस्ट सोडून दोन तास त्यांच्यापाशी बसली होती. त्यांनी हट्टानं संत्रं मागवलं, तिनं सोलून फोडी दिल्या, अर्ध्या त्यांनी तिलाच चारल्या.

"मग मला काहून नाही सांगितलं?"

"आजोबाच म्हणाले, आईले सांगू नको वं, मलेही रागवन."

या माणसानं मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेलं होतं, कधी बोट लावलं नव्हतं. आणि मरताना तो पोटच्या पोरीला भीत होता! शेजारच्या पेशंटचं नाव सांगून लपत होता. मी हमसून हमसून रडायला लागली.

पोरगी घाबरली. माझ्या पाठीवरून हात फिरवत घाईघाईनं म्हणाली, "रडू नको ना आई. पेपर चांगला गेला आहे."