फरशीवरची तांबडी रेघ

मी बत्तीस वर्षं सोलापुरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. माणसाला चारचौघांत खोटं कसं पाडायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तरी ते मला झकास जमलं.

माझ्या मुलीचा साखरपुडा होता. व्याही पुण्याचे, शिकलेले, मोजकं बोलणारे. मी सकाळपासून नवा सदरा घालून उगाच वर-खाली करत होतो. तेवढ्यात अकलूजकडच्या गावातून माझे मामा आले, आईचे धाकटे भाऊ. सत्तरी ओलांडलेली, पण एसटीने एकटेच आले होते. जेवणं झाल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला एक दगड काढला आणि माझ्या हातात दिला.

"आभाळातनं पडलाय. तू मास्तर हायस, तूच बघून सांग."

पंधरा दिवसांपूर्वी, तिन्हीसांजेला, ते डेअरीवर दूध घालून सायकलवरून परत येत होते. हिरवट जाळ आभाळातून सरकन खाली गेला आणि पाठोपाठ गडगडलं. गावात दुसऱ्या कुणी पाहिलं नाही. चार दिवसांनी त्यांना नांगरलेल्या रानात हा दगड सापडला.

"अहो मामा, रानात दगड असायचेच," मी म्हणालो.

"त्या रानातला धोंडा न धोंडा मी आन् तुझ्या मामीनं येचलाय. चाळीस वर्सं. ह्यो आमचा न्हाय."

यापेक्षा मोठा पुरावा कुठला असतो? पण तेव्हा मला त्यांच्या बोलण्यातलं ते 'न्हाय'च तेवढं ऐकू आलं, आणि व्याह्यांनाही ते ऐकू आलं असेल म्हणून मी कानकोंडा झालो. ज्या मामांच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाहिली, त्यांची मला लाज वाटली.

होणारे जावई म्हणाले, "कसं ओळखतात हो, बाबा?" झालं! माझ्या अंगात मास्तर संचारला.

दगड आकाराच्या मानाने चांगलाच जड होता. वर काळी पातळ साल, ओल्या मातीत अंगठे दाबावेत तसे खळगे, बुडबुड्यांची भोकं कुठेच नाहीत. चुंबक चिकटलं. आपल्याकडचा काळा फत्तरही चुंबकाला थोडा ओढतो, त्यामुळे त्यावर मी भिस्त ठेवली नाही. इथवर माझं बरोबर होतं. मग मी बाथरूमची उरलेली एक फरशी मागवली आणि ती उलटी धरली, कारण मागच्या बाजूला झिलई नसते. उल्कापाषाण तिथे घासला तर सहसा रेघ उमटत नाही. तांबडी उमटली, तर ते जमिनीतलं साधं लोहखनिज समजायचं.

मी दगड घासला. तांबडी रेघ उमटली.

तीसेक माणसं वाकून बघत होती. दगड जाणकाराकडे पाठवतो, एवढं म्हणून मला थांबता आलं असतं. त्याऐवजी मी फरशी सगळ्यांना फिरवून दाखवली आणि म्हणालो, "मामा, वय झालं की डोळ्यांपुढं असे जाळ दिसतात. एकदा तपासून घ्या." सगळे हसले. व्याहीसुद्धा मोकळेपणी हसले, आणि मला चक्क बरं वाटलं.

मामांनी दगड पुन्हा टॉवेलात गुंडाळला. "असंल की," एवढंच म्हणाले आणि चारच्या एसटीने गेले.

पाच महिन्यांनी मी लग्नाची पत्रिका घेऊन त्यांच्या गावी गेलो. मामा गोठ्याकडे होते. मामीने मला भाकरी वाढली आणि आपणहून दगडाचा विषय काढला.

"देवाकडचा म्हणून मी त्येला त्याल-शेंदूर लावून पुजला हुता. मग हे म्हणलं, भाच्याला दावायचाय. तवा राखेनं घासून घासून शेंदूर काढला बघ. खाचंतला काय निघंना."

ती रेघ शेंदराची होती. बत्तीस वर्षं मुलांना 'आधी निरीक्षण, मग निष्कर्ष' असं घोकायला लावणाऱ्या मला, खळग्यांत बसलेला शेंदूर दिसला नव्हता. ज्या गावात वेगळा दगड दिसला की आधी शेंदूर लागतो, त्याच गावात, आजोळी, मी लहानाचा मोठा झालो होतो.

"दगड कुठाय?" मी विचारलं.

"तू म्हणलास साधाच हाय. पण पुजलेला दगड उकिरड्यावर कसा टाकायचा? नीरंच्या डोहात सोडून आले."

मामीला काही सांगण्याआधी मामांना गाठायला हवं होतं. हात धुऊन मी गोठ्याकडे गेलो. मामा म्हशीपुढे वैरण टाकत होते. मी सगळं सांगितलं. शेंदराचं, घाईचं, शेखी मिरवण्याचं. तो खरोखरच आभाळातला होता का, हे आता कुणालाच सांगता यायचं नाही, हेही सांगितलं. पण जाळ तुम्ही पाहिला, त्यात खोटं काही नव्हतं, असं म्हणालो आणि माफी मागितली.

त्यांनी वैरण तशीच धरून ठेवली.

"तू म्हणलास म्हणून अकलूजला डोळ्याच्या डाक्टरकडं गेलो हुतो. डोळं चांगलं हायत म्हणला. मग मी म्हणलं, डोळं चांगलं, तर डोकंच बिघडलं असंल आपलं."

पाच महिने हा माणूस स्वतःच्या डोक्यावर संशय घेत जगत होता, आणि मी तिकडे लग्नाच्या पत्रिका निवडत होतो.

"मामा, लग्नात सगळ्यांसमोर सांगतो मी. व्याह्यांनाही सांगतो."

"त्येंचं काय घिऊन बसलास?" ते म्हणाले. मग त्यांनी घराकडे पाहून आवाज खाली आणला. "तेवढं आत जाऊन तुझ्या मामीला सांग की. ती मला तवापासनं एकट्याला रानात जाऊ देत न्हाय."